खर्च एकाचा कीं दोघांचा?

आपल्याकडे नाटकमंडळीचा दौरा निघे तेव्हां पडदे, पेटारे, पायपेटी आणि आचारी यांसह सगळें बिऱ्हाड गाड्यांवर चढे. एका गांवीं चार खेळ झाले कीं मुक्काम हाले. गल्ला बरा जमला तर पुढच्या गांवचें भाडें सुटे. न जमला तर मालकाला सावकाराचें घर शोधावें लागे. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेंत गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या मंडळींचें आयुष्य याहून फारसें निराळें नव्हतें. फरक इतकाच कीं तेथें मालकहि नव्हता, आचारीहि नव्हता आणि ठराविक पगारहि नव्हता. प्रत्येक खेळाडू म्हणजे एकेक स्वतंत्र मंडळी. आणि त्या मंडळीचें वाहन, कोठीघर व कपड्यांची खोली, सर्व कांहीं म्हणजे त्याची मोटार.

गोल्फ म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें विस्तीर्ण हिरवळ, शुभ्र पोशाख आणि मागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या असें सुखवस्तु चित्र उभें राहतें. परंतु तें चित्र हौशी खेळाडूंचें आहे. पैशासाठीं खेळणाऱ्याची प्रतिष्ठा त्या काळीं वेगळी होती. १९२० सालीं वॉल्टर हेगन हा अमेरिकन खेळाडू ब्रिटिश अजिंक्यपदाच्या सामन्यांसाठीं इंग्लंडांतील डील या समुद्रकांठच्या गांवीं गेला. तेथें धंदेवाईक खेळाडूंनीं क्लबच्या इमारतींत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा शिरस्ता होता. हेगननें काय करावें? त्यानें सोफरसह एक ऐटदार मोटार भाड्यानें घेतली, ती क्लबच्या अगदीं दारासमोर उभी केली आणि कपडे बदलण्याचा कार्यक्रम तींतच चालू ठेवला! खेळांत त्याचा क्रमांक त्रेपन्नावा लागला, ही गोष्ट वेगळी. परंतु हेगनसारखा खर्चिक आणि बेफिकीर मनुष्य शंभरांत एखादाच. उरलेल्या नव्याण्णवांना मोटार भाड्यानें घेणें तर सोडाच, स्वतःच्या जुन्या मोटारींत पेट्रोल घालण्याचीहि भ्रांत असे.

हे बहुतेक लोक कोठल्या ना कोठल्या क्लबांत गोल्फ शिकविणारे मास्तर असत. हिवाळ्यांत उत्तरेकडील मैदानें बर्फाखालीं गेलीं कीं त्यांची शिकवणी बंद पडे. मग काठ्या मोटारींत टाकून तीं मंडळी कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सस, फ्लॉरिडा अशा उबदार प्रांतांतून सामने खेळत फिरे. सामन्यांत अठरा होलांच्या चार फेऱ्या. ज्याचे फटके सर्वांत कमी तो पहिला. बक्षिसें मोजक्याच लोकांना. बाकीच्यांनीं खोलीचें भाडें, जेवण, पेट्रोल सर्व पदरचें करून रात्रींत पुढच्या गांवचा रस्ता धरावयाचा. तो रस्ताहि शें-दोनशें मैलांचा नव्हे. कित्येकदां हजार मैलांचा. अशा या फिरत्या मंडळींतील एका जोडप्याच्या मोटारीला दोन वेळां जो अपघात घडला, त्याची ही हकीकत आहे. पहिला अपघात म्हणजे निव्वळ चोरी; दुसरा मात्र खरोखरीच प्राणांशीं गांठ घालणारा.

बेन होगन याचा जन्म टेक्सस प्रांतीं १३ ऑगस्ट १९१२ रोजीं झाला. बाप लोहार. बेन नऊ वर्षांचा असतांना बापानें स्वतःच्या हातानें आपल्या जीविताचा शेवट केला. फोर्ट वर्थ शहरांत राहणाऱ्या त्या कुटुंबावर पोरवय संपण्यापूर्वींच पोटाची काळजी पडली. बेन रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रें विकूं लागला. पुढें त्याला कळलें कीं घरापासून कांहीं मैलांवर ग्लेन गार्डन नांवाचा क्लब आहे, आणि तेथें श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी अठरा होल वाहिली तर पासष्ट सेंट मिळतात. तेवढें अंतर तुडवीत तो जाऊं लागला. त्याच क्लबांत त्याच्याच वयाचा आणखी एक पोऱ्या पिशव्या वाही. त्याचें नांव बायरन नेल्सन. एकाच आवारांतून जगांतील दोन पहिल्या प्रतीचे खेळाडू निघावे, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

नेल्सनला यश लौकर लाभलें. होगनला तें कांहीं केल्या वश होईना. १९३० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच, त्यानें धंदेवाईक खेळाडू म्हणून नांव घातलें. खिसा रिकामा होतांच तो घरीं परतला. पुन्हां कांहीं पैसे जमविले, पुन्हां निघाला, पुन्हां रिकाम्या हातानें परतला. चेंडू नको तेवढा डावीकडे वळून भलतीकडे जाई. अंधार पडेपर्यंत एकट्यानेंच मैदानावर चेंडू मारीत राहणें, हाताला फोड येऊन ते फुटेपर्यंत मारीत राहणें, हा त्याचा नित्यक्रम होता. त्याचे सोबती त्या काळीं याला हंसत. सरावासाठीं इतकें राबण्याची चाल तेव्हां नव्हती.

१९३५ च्या एप्रिलमध्यें व्हॅलेरी फॉक्स या मुलीशीं त्याचा विवाह झाला. तिनें त्याच्या या नादास अडविलें नाहीं. दोघांनीं काटकसर करून सुमारें चौदाशें डॉलर गांठीस बांधले, एक जुनी मोटार घेतली, आणि असा करार केला कीं हे पैसे संपेपर्यंत खेळावयाचें. संपले कीं गोल्फचें नांव टाकून दुसरी नोकरी पाहावयाची. मध्यमवर्गांतील कोणाहि गृहिणीला या कराराचें धाडस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. शिलकेंतील शेवटची पै एका चेंडूच्या मागें लावावयाची, आणि तो चेंडू तर डावीकडे पळणारा!

१९३७ साल संपत आलें तेव्हां ती शिल्लक झपाट्यानें आटली होती. फोर्ट वर्थच्या एका हॉटेलांत एके दिवशीं नवराबायकोची बोलाचाली चालली होती. प्रश्न साधा होता. कॅलिफोर्नियाचा दौरा समोर आलेला. उरलेल्या पैशांत एकाचाच खर्च भागण्यासारखा. तेव्हां बेननें एकट्यानें जावें कीं दोघांनीं? हेन्री पिकार्ड या त्या वेळच्या नामांकित खेळाडूच्या कानांवर हें बोलणें गेलें. तो टेबलापाशीं आला आणि म्हणाला कीं दोघेंहि जा. पैसे संपले तर माझ्याकडे या, मी पाहून घेईन. पिकार्ड स्वतः कांहीं कुबेर नव्हता. दुसऱ्याच्या घरांतील अशी कुजबूज ऐकून पुष्कळ सज्जन लोक मान वळवून निघून जातात; पिकार्ड गेला नाहीं. त्याच्याकडे पैसे मागण्याची वेळ होगनवर पुढें कधींच आली नाहीं. परंतु पाठीशीं कोणी आहे एवढ्या विश्वासावर तीं दोघें मोटारींत बसलीं. १९४८ सालीं होगननें गोल्फवर पहिलें पुस्तक लिहिलें, तें त्यानें पिकार्डलाच अर्पण केलें.

दौऱ्यावर निघतांच दैव पालटलें, असें मात्र झालें नाहीं. कॅलिफोर्नियांत त्यांनीं संत्र्यांवर भूक भागविली. तेथें तें फळ स्वस्त आणि विपुल. १९३८ च्या जानेवारींत तीं ऑकलंड येथें पोंचलीं तेव्हां चौदाशें डॉलरांपैकीं शंभरसुद्धां उरले नव्हते. हा शेवटचा सामना. येथें बक्षीस नाहीं मिळालें तर करार पुरा झाला, असें दोघांनाहि न बोलतां समजलें होतें.

सामन्यांच्या दिवसांतील एके सकाळीं होगन मैदानावर जाण्यासाठीं मोटारीकडे गेला. हॉटेलजवळच्या मोकळ्या जागेंत ती उभी होती. परंतु तिचा मागचा भाग दगडांवर टेकविलेला होता आणि मागचीं दोन्ही चाकें नाहींशीं झालीं होतीं. रात्रींतून कोणी चोरानें तीं काढून नेलीं होतीं. हौशी मनुष्याची मोटार असती तर त्यानें चोराला चार शिव्या देऊन नवीं चाकें मागविलीं असतीं. होगनच्या खिशांत जें होतें त्यांत चाकें घ्यावीं तर खोलीचें भाडें उरेना, भाडें द्यावें तर चाकें येईनात; आणि दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या तरी फोर्ट वर्थचें घर दीड हजार मैलांहून दूर. सॅम स्नीड हा त्याचा पुढचा मोठा प्रतिस्पर्धी त्या वेळीं तेथेंच होता. होगन एका भिंतीवर मुठी आपटीत उभा होता, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली आहे.

भिंतीवर मुठी आपटून झाल्यावर होगननें दुसऱ्या वाहनानें मैदान गांठलें. त्या सामन्यांत तो कसा खेळला याचें त्यानें स्वतः फार वर्णन केलेलें नाहीं. तो मुळांतच मितभाषी. इतकेंच कीं जन्मांत पूर्वीं कधीं खेळलों नव्हतों इतक्या जिवावर उदार होऊन आपण खेळलों, असें तो सांगे. बक्षीस पहिलें नव्हतें, दुसरेंहि नव्हतें. परंतु हातीं कांहीं शें डॉलर पडले. एवढी मोठी रक्कम तोंवर आपण पाहिलीच नव्हती, असें तो म्हातारपणींहि म्हणे. पुढें लाखोंनीं कमावलेल्या माणसाच्या तोंडीं हें वाक्य आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मोटारीला चाकें आलीं, खोलीचें भाडें दिलें गेलें, आणि तें बिऱ्हाड पुढच्या गांवीं निघालें.

संसाराला आपण दोन चाकांची उपमा देतों. ती इतकी वापरून गुळगुळीत झाली आहे कीं ऐकणाऱ्याला तिच्यांत चाक दिसतच नाहीं. ऑकलंडच्या त्या सकाळीं तें दिसलें असावें.

यानंतरचा दहा वर्षांचा काळ भराभर सांगून टाकण्यासारखा आहे. एकट्याच्या बळावर पहिला क्रमांक मिळावयास १९४० चा मार्च उजाडावा लागला. धंदा पत्करल्यापासून दहा वर्षें झालीं होतीं. पाइनहर्स्ट येथें हें पहिलें यश येतांच लागोपाठ आणखी दोन सामने त्यानें जिंकले. १९४०, ४१ आणि ४२ या तिन्ही सालीं अमेरिकेंत सर्वांत अधिक कमाई होगनची. मग युद्ध आलें आणि तो विमानदळांत गेला. परतल्यावर १९४८ सालीं अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद त्यानें पटकावलें. १९४९ च्या जानेवारींत एका विख्यात अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचें चित्र झळकलें. मोटार आतां कॅडिलॅक होती. परंतु जीवन तेंच: सामना, मोटार, सामना. त्रास खेळाचा नसून या प्रवासाचा आहे, आणि आपल्याला तरुणपणीं मरावयाचें नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्यानें त्याच सुमारास पत्रकारांपाशीं काढले होते.

त्या जानेवारीच्या अखेरीस फीनिक्स येथें बरोबरी झाली आणि जादा फेरींत जिमी डेमारेट यानें होगनला हरविलें. होगन व व्हॅलेरी मोटारीनें घराकडे निघालीं. वाटेंत टेक्ससच्या पश्चिम टोंकाला व्हॅन हॉर्न नांवाचें लहानसें गांव लागतें. तेथें त्यांनीं रात्रीचा मुक्काम केला. २ फेब्रुवारीला सकाळीं तीं पुढें निघालीं. धुकें दाट होतें. दिवे लावून होगननें वेग अगदीं कमी ठेवला. रस्ता दोनच गाड्यांपुरता, आणि पुढें एका ओढ्यावरचा अरुंद पूल. अकस्मात् धुक्यांतून चार दिवे समोर आले. दोन दिवे एका मालमोटारीचे. आणि तिला मागें टाकण्यासाठीं होगनच्या बाजूनें घुसलेल्या एका प्रवासी बसचे दुसरे दोन. डावीकडे मालमोटार, उजवीकडे पुलाचा कठडा. मोटार वळविण्यास जागाच नव्हती.

त्या क्षणीं होगननें चक्र सोडलें आणि शेजारीं बसलेल्या व्हॅलेरीच्या अंगावर, तिला झांकण्यासाठीं, आडवी उडी घेतली. पुढच्याच क्षणीं बस येऊन धडकली. मोटारीचें एंजिन मागें रेटलें गेलें, आणि चक्राचा पोलादी दांडा चालकाच्या बैठकींतून आरपार गेला. होगन तेथें बसलेला असता तर तो दांडा त्याच्या छातींतून गेला असता.

या प्रसंगाचें वर्णन करतांना वर्तमानपत्रांनीं होगनच्या शौर्याची पुष्कळ तारीफ केली, आणि ती योग्यच होती. परंतु तींत एक गोष्ट मागें पडली. तो वांचला तो शौर्यामुळें नव्हे. तो वांचला तो शेजारीं कोणी होतें म्हणून. एकटा असता तर चक्र सोडण्याचें त्याला कांहीं कारणच नव्हतें. मनुष्य अशा वेळीं चक्र अधिकच घट्ट धरतो. अकरा वर्षांपूर्वीं फोर्ट वर्थच्या हॉटेलांत खर्च एकाचा कीं दोघांचा म्हणून जो वाद चालला होता, त्याचा हिशेब असा एका निमिषांत चुकता झाला.

व्हॅलेरीला किरकोळ जखमा झाल्या. होगनचें ओटीपोटाजवळचें हाड दोन ठिकाणीं मोडलें, गळ्याखालचें हाड मोडलें, डावा घोटा मोडला, एक फांसळी चिरली. रस्त्यावर गर्दी जमली, आणि गर्दीत नेहमीं होतें तेंच झालें: रुग्णवाहिकेला दुसऱ्या कोणी तरी कळविलें असेल, असें प्रत्येकानें गृहीत धरलें. सुमारें दीड तास तो जखमी मनुष्य तेथेंच पडून होता. अखेर त्याला सव्वाशें-दीडशें मैल मागें, एल पासो येथील रुग्णालयांत नेण्यांत आलें.

हाडें सांधूं लागलीं तों नवेंच संकट उभें राहिलें. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊं लागल्या, आणि त्यांतील एक फुप्फुसापर्यंत पोंचली. दुसरी पोंचली तर मृत्यु. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. ऑल्टन ऑक्सनर हे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेंत निष्णात. परंतु हवा खराब असल्यानें नेहमींचीं विमानें बंद. व्हॅलेरीनें सैन्याच्या अधिकाऱ्यांना गळ घातली, तेव्हां त्यांनीं लष्करी विमान पाठवून डॉक्टरांना आणविलें. ऑक्सनर यांनीं पोट उघडून, खालच्या अंगांतून हृदयाकडे रक्त नेणारी मुख्य शीर बांधून टाकली, म्हणजे गुठळी वर चढावयास वाटच उरूं नये. जीव वांचला, परंतु पायांतील रक्तानें यापुढें लहान लहान शिरांतून वाट काढीत वर चढावयाचें. पाय सुजणें आणि दुखणें हें आतां जन्माचें सोबती झालें. सुमारें दोन महिन्यांनीं, १ एप्रिल रोजीं, तो घरीं आला. तो पुन्हां चालूं लागेल कीं नाहीं याचीच लोकांना शंका होती. गोल्फ खेळण्याची गोष्ट दूरच.

घराच्या दिवाणखान्यांत फेऱ्या, मग घराभोंवतीं, मग रस्त्यावर, अशी त्याची चाल वाढत गेली. सप्टेंबरमध्यें रायडर चषकाच्या सामन्यांसाठीं अमेरिकन संघाचा न खेळणारा कर्णधार म्हणून तो इंग्लंडांत गॅंटन येथें गेला. त्या देशांत अजून मांसावर नियंत्रण होतें, म्हणून अमेरिकन संघानें आपलें मांस जहाजांतून बरोबर नेलें, आणि इंग्रजी पत्रांत त्यावर बरीच टीकाटिप्पणी झाली! १९५० च्या जानेवारींत, अपघाताला वर्ष पुरें होण्यापूर्वींच, लॉस एंजेलिस येथें तो खेळावयास उतरला. मधून मधून घडीच्या खुर्चीवर बसून विसांवा घेत त्यानें स्नीडशीं बरोबरी केली. जादा फेरींत मात्र तो हरला.

जूनमध्यें फिलाडेल्फियाजवळ मेरियन येथें अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद होतें. त्या काळीं शेवटच्या दिवशीं दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस होल, एकाच दिवसांत खेळावे लागत. धडधाकट माणसालाहि ती चाल दमवी. होगन घोट्यापासून मांडीपर्यंत पट्टे गुंडाळून निघाला. दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धांत त्याचे पाय जागच्या जागीं आंखडूं लागले. अखेरच्या होलावर बरोबरीसाठीं चारच फटके हातांत होते. त्यानें पिशवींतून एक नंबरची लोखंडी काठी काढली. ही काठी इतकी अवघड कीं चांगले चांगले खेळाडूहि ती टाळतात. चेंडू थेट हिरवळीवर गेला. तो फटका मारून झालेल्या होगनचें पाठमोरें छायाचित्र हाय पेस्किन यानें टिपलें. गोल्फच्या इतिहासांत त्याहून प्रसिद्ध छायाचित्र सांपडणें कठीण. दुसऱ्या दिवशीं जादा फेरींत होगननें एकूणसत्तर फटके घेऊन लॉइड मॅंग्रम व जॉर्ज फॅझिओ या दोघांनाहि मागें टाकलें. अपघातानंतर सोळा महिन्यांनीं तो पुन्हां अजिंक्य ठरला. तेवढ्यांत ती एक नंबरची काठी कोणी तरी चोरून नेली! होगनच्या वस्तूंवर चोरांची दृष्टि विशेष असावी. ही काठी मात्र तेहतीस वर्षांनीं एका संग्राहकाच्या हातीं लागली. ती होगनला दाखविण्यांत आली, त्यानें ओळखली, आणि आतां ती अमेरिकन गोल्फ संघाच्या संग्रहालयांत आहे.

या अपघातानंतर गांवोगांव मोटार हांकीत फिरण्याचा क्रम मात्र सुटला तो सुटलाच. वर्षाकांठीं मोजकेच सामने, आणि तेहि पायांना झेपतील तेवढेच. १९५३ सालीं त्यानें सहा सामने खेळून पांच जिंकले. त्यांतील एक म्हणजे स्कॉटलंडमध्यें कार्नूस्टी येथील ब्रिटिश अजिंक्यपद. व्हॅलेरी अर्थातच बरोबर होती. पायांना रोज ऊन पाण्याचा शेक लागे, आणि तेथील हॉटेलांत खोलीला जोडून न्हाणीघर मिळेना. म्हणून तीं दोघें डंडी येथें एका कारखानदार कंपनीच्या पाहुणेघरांत उतरलीं. मैदानावर ने-आण करण्यास मोटार होती, आणि चालविणारा दुसरा होता. चार फेऱ्यांत त्र्याहत्तर, एकाहत्तर, सत्तर आणि अडुसष्ट अशी उतरती कमान राखून चार फटक्यांच्या फरकानें त्यानें तें पद जिंकलें. त्या सामन्यांत तो पहिल्यानेंच खेळला, आणि पुन्हां कधीं खेळला नाहीं.

२१ जुलै १९५३ रोजीं न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरून त्याची मिरवणूक निघाली. उंच इमारतींच्या खिडक्यांतून कागदाच्या फितींचा वर्षाव होत होता. सावकाश चालणाऱ्या उघड्या मोटारींत मागच्या बाजूस बेन होगन आणि व्हॅलेरी हीं दोघें बसलीं होतीं.